दादांचा चष्मा आणि माझा गॉगल

दादा माझ्याशी खोटं बोलले आणि तसेच निघून गेले.

आज वर्ष झालं.

दादा म्हणजे माझे वडील. राहुरीजवळच्या आमच्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर आयुष्यभर वायरमन होते. लहानपणी त्यांना खांबावर बघायची इतकी सवय होती, की जमिनीवर उभे राहिले की थोडे बुटकेच वाटायचे.

रिटायर झाले. आधी गुडघे गेले, मग नजर. जाड भिंगाचा चष्मा आला.

दारातल्या खुर्चीत बसून सारखं एकच. "वरून गाव लई येगळं दिसतं, सुनी. खालून काय कळत न्हाई."

त्यातच मला ड्रोनचं खूळ लागलं. साधा ड्रोन नाही, एफपीव्ही. डोळ्यांवर गॉगल चढवायचा, ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसतं ते थेट आपल्याला दिसतं. आपणच उडतोय असं वाटतं.

दादांना मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. अगदी डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो दोनदा पाहिला.

"मला बी दिसंल का गं त्यातून?"

त्या माणसाने माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं असेल, तर एवढंच.

नगरचा माझा मित्र इम्रान हे बरीच वर्षं उडवतोय. काय-काय घ्यायचं म्हणून त्यालाच फोन केला.

"आधी फक्त रिमोट घे. लॅपटॉपला जोड आणि सिम्युलेटरवर महिनाभर आपट. मग छोटा ड्रोन, पंख्यांना गार्ड असलेला. आणि गॉगल बॉक्सवालाच घे."

"तो? डोक्याला डबा बांधल्यासारखा दिसतो रे!"

"दिसू दे की. घरात कुणी चष्मेवालं बघणार असेल, तर तोच बरा. चष्म्यावरून बसतो."

रिमोट त्याचं ऐकून घेतला. ड्रोनही त्याचं ऐकून घेतला.

गॉगल मात्र माझ्या मनाचा. बारीक, काळा, एकदम स्टायलिश. तो घालून काढलेला फोटो इथेच टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाईक केलाय.

दादांचा चष्मा माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही. रोज समोर दिसणारा चष्मा!

हात बसल्यावर एका सकाळी, वारा नसताना, दादांना घराबाहेर काढलं. मी अंगणातच खुर्ची ठेवत होते.

"हितं नको. वर लाईन हाय. तिकडं मोकळ्यात चल." वायरमन शेवटी.

चष्म्यावरून गॉगल बसेना. दादांनी निमूटपणे चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी पट्टा आवळला.

गॉगल एकच, तो त्यांच्या डोळ्यांवर. मी नुसत्या नजरेने ड्रोन सांभाळत होते, म्हणून लांब नेला नाही. आमचं घर, पाण्याची टाकी, शाळा, एवढंच.

"दादा, घर दिसलं?"

"दिसलं की! पत्र्यावर तुझ्या आईनं मिरच्या घातल्यात."

ड्रोन टाकीकडे वळला.

"आता टाकीपाशी हाय, व्हय ना?"

"हो!" मी तर लहान पोरीसारखी उड्या मारत होते.

"आन् शाळंचं लिंब बघ. काय डेरेदार झालंय!"

ते लिंब महिन्यापूर्वीच रस्त्याच्या कामात पाडलं होतं. मला वाटलं, चुकून बोलले.

खाली उतरवल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लई भारी. डोळं निवलं पोरी."

नंतर मी किती वेळा म्हटलं, दादा, परत जाऊ. एकदा गुडघा दुखत होता. एकदा वारा होता. एकदा म्हणाले, "बघितलंय ना एकदा, आता तू उडव."

मला राग आला. एवढी हौस होती आणि एका दिवसात संपली? मी विचारणं बंद केलं. चांगले दोन महिने ड्रोन कपाटात, दादा खुर्चीत आणि मी फुगून.

मग एका दुपारी दादांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या वाटेवरच संपलं सगळं.

दहावा झाल्यावर गॉगल इम्रानला देऊन टाकायचं ठरवलं. आईला म्हटलं, एकदा दादांनी यातून गाव बघितलं, पुष्कळ झालं.

आई हळूच म्हणाली, "त्यांला काय बी दिसलं नव्हतं गं. समदं धुरकट. ड्रोन कुठून गुनगुनतोय ते ऐकायचे आन् तिथं काय हाय ते सांगायचे. गाव तर पाठच हुतं त्यांला. मला म्हनले, पोरीनं लई हौसंनं आनलाय, तिला सांगू नको."

दादा, "दिसत न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. चार दिवसांत दुसरा गॉगल आणला असता. तो डब्यासारखा दिसणारा. दोन महिने होते आपल्याकडे.

तुम्ही मला वाईट वाटू दिलं नाही आणि मी तुमच्यावर रुसून बसले.

तुम्हाला गाव दाखवायचं राहूनच गेलं. माफ करा दादा.

तुमची सुनी.