आंतोन दर्याचा फोटो काढायला गेला तेव्हा

आंतोन लोबोनं काढलेला फोटो कधी हललेला निघत नसे. लोक त्याच्या हाताचं कौतुक करायचे, कोणी कॅमेऱ्याचं करायचे. मला विचाराल तर कौतुक त्याच्या गिऱ्हाइकांचं करायला हवं होतं. ती हलतच नसत.

त्या काळी, म्हणजे पन्नास सालानंतरच्या आठ-दहा वर्षांत, आमच्या बाजूच्या वाड्यांतून जिवंतपणी फोटो काढून घ्यायला कोणी धजत नसे. फोटोनं आयुष्य कमी होतं अशी समजूत. मग घरातलं म्हातारं माणूस गेलं की एकदम आठवण व्हायची, अरे, याचा फोटोच नाही! लगेच मालवणला माणूस धावायचा. आंतोन खांद्यावर लाकडी पेटी आणि तिवई घेऊन यायचा. मयताला खुर्चीत बसवायचं, मागून कमरेला पंचा बांधायचा, टोपी नीट करायची. आंतोन काळ्या फडक्यात डोकं घालायचा आणि काम करून, कोणाशी न बोलता, निघून जायचा.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. आंतोन वाटेवर दिसला की बाया पोरांना आत ओढत. लग्नाच्या मांडवाजवळून तो गेला तर यजमानाच्या तोंडचं पाणी पळे. खुद्द त्याची बायको सेलेस्तीन बारा वर्षांत एकदाही त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसली नव्हती. "माका अजून जगूचा आसा," म्हणायची. तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. मला ठाऊक होतं.

मी परुळ्याच्या शाळेत मास्तर होतो, आणि माझा लौकिक काही याहून बरा नव्हता. तारा इंग्रजीत यायच्या. पोस्टमन तार घेऊन आधी माझ्याकडे यायचा आणि मग आम्ही दोघं त्या घरी जायचो. आनंदाची बातमी तारेनं कळवण्याइतके पैसे आमच्याकडे कोणापाशी होते? त्यामुळे मास्तर अवेळी वाडीत उतरला म्हणजे मुंबईत कोणाचं तरी बरंवाईट झालं, हे ठरलेलं. ज्यांना बघून लोकांचे चेहरे उतरतात असे आम्ही दोघेच इसम पंचक्रोशीत होतो. आमची दोस्ती झाली यात नवल ते काय!

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर एका शनिवारी, शाळा सुटते न सुटते तोच आंतोन पेटीसकट दारात उभा.

"कोणाकडे?" मी सवयीनं विचारलं.

"कोणाकडेच नाय. मास्तर, माका एक तरी असो फोटो काढूचो आसा, जेच्यासाठी कोणी बोलावक येवक नाय. वीस वर्सां मिटलेले डोळेच बघतंय. निवतीच्या सड्यावरसून दर्यो काढूया. चला माझ्याबरोबर."

त्याच्याकडे फोटोच्या चार काचेच्या प्लेटा होत्या. मी जेवलो आणि निघालो.

आता एक गोष्ट इथंच कबूल करतो. आठ दिवसांपूर्वी समुद्रात वादळ झालं होतं, आणि निवतीच्या भिकाजी तांडेलाचा शिडाचा मचवा मुंबईहून निघून दहा दिवस झाले तरी घरी लागला नव्हता. बरोबरचे सगळे मचवे आले होते. शाळेतल्या पोरांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तरीही निवतीच्या वाटेला लागताना माझ्या डोक्यात त्याचा विचारही आला नाही. इतरांच्या पोरांना अक्कल शिकवायचा पगार घेणाऱ्या माणसाची ही तऱ्हा.

भोगव्याच्या वाळूच्या पुळणीवरून आम्ही वर चढलो. सड्यावरचं, म्हणजे कड्यावरच्या माळाचं, गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि वाऱ्यानं सगळं एका अंगाला झोपलं होतं. पायवाट कधी करवंदीच्या जाळीतून, कधी अगदी कड्याच्या धारेवरून जायची. खाली काळ्या खडकांवर पाणी फुटत होतं. वर घारी. लांब निवतीचे खडक पाण्यात उन्हं खात पडलेले. मी दम खायला बसायचो आणि आंतोन मात्र पोरासारखा पुढे पळायचा, बोटांची चौकट करून बघायचा, नाक मुरडायचा. एवढा बोलताना मी त्याला कधी ऐकला नव्हता.

शेवटी टोकाजवळ त्याला जागा पसंत पडली. तिवई लावली आणि शेजारी बसून राहिला.

"काढ ना!"

"शीड येवंदे. शीड नसला तर दर्यो मोकळो दिसता."

तासभर गेला. मग उत्तरेकडून एक शीड आलं, वारा पडल्यामुळे अगदी रमतगमत. होडी वेंगुर्ल्याची असेल, नाहीतर गोव्याकडे जाणारी असेल, मी काही फार विचार केला नाही. आंतोननं मला फडक्याखाली बोलावलं. मागच्या दुधी काचेवर सगळं चित्र उतरलं होतं, पण उलटं! समुद्र वर, आभाळ खाली, आणि शीड वटवाघळासारखं लोंबकळणारं. मी हसू लागलो. त्यानं माझ्या हातात भिंग दिलं. भिंगातून शिडावरचं एक मोठं काळपट ठिगळसुद्धा दिसलं. मग त्यानं मला बाजूला केलं, प्लेट घातली आणि फोटो काढला. चेहरा बघण्यासारखा झाला होता त्याचा. आणखी दोन प्लेटा त्यानं कड्यावर आणि घारींवर खर्च केल्या.

चहाची तल्लफ आली म्हणून आम्ही निवतीच्या वाडीकडे उतरू लागलो. पुढे तो, खांद्यावर पेटी आणि तिवई. मागे मी.

अर्ध्या उतारावर असताना खालून एका बाईचा हंबरडा ऐकू आला. मग दुसरीचा. मग सगळी वाडीच रडायला लागली.

"कोणतरी गेला," आंतोन हळू म्हणाला.

अशा वेळी शहाण्या माणसांनी करायचं ते आम्ही केलं. टोप्या काढल्या, बोलणं थांबवलं, तोंडं लांब केली आणि संथ पावलं टाकत खाली गेलो. भिकाजीच्या अंगणात तीस-चाळीस माणसं जमली होती. मधोमध त्याची बायको सुभद्रा जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती. आमच्याकडे एकटक बघत होती. ओसरीवर भिकाजीचा म्हातारा बाप, दाजी, खांब धरून उभा.

आम्ही मान खाली घालून उभे. ते आमच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी मीच हलक्या आवाजात दाजीला विचारलं, "कोण गेलं?"

दाजीनं माझ्या हातांकडे पाहिलं. "ता तुमीच सांगा, मास्तरांनू. तार खंय आसा?"

"कसली तार?"

"मगे हो कित्याक इलो?" त्यानं आंतोनकडे बोट केलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटोवाला आणि तारवाला, दोघे एकदम, सड्यावरून, टोप्या हातात घेऊन! त्या माणसांनी दुसरं काय समजायचं?

"कोणी गेलं नाही हो! तार नाही, काही नाही. आम्ही नुसते फिरायला आलो. दर्याचा फोटो काढायला."

"दर्याचो?" सुभद्रा उठून उभी राहिली. "दर्याचो फोटो? दर्यो मेलो काय?"

आणि मग तिनं आम्हा दोघांना जे फैलावर घेतलं, ते इथं लिहिता येणार नाही. माझ्या घराण्यापासून सुरुवात करून ती आंतोनच्या तिवईपर्यंत पोचली. आम्ही ऐकून घेतलं. खरं सांगतो, इतक्या शिव्या खाऊन इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. तिचा आवाज बसला तेव्हा कुठे आंतोन पुटपुटला, "दर्यात एक मचवो दिसलो होतो गो आमका."



"शिडाक ठिगळ होता?" सुभद्रानं विचारलं. "आमच्या शिडाक ठिगळ आसा. मीया शिवलंय. काळ्या कापडाचा."

"होतं!" मी ओरडलो. "मी भिंगातून पाहिलं!"

"खंय? वर काय खाली?"

मी डोळे मिटून आठवलं. चित्र स्वच्छ दिसलं. "वर. अगदी वरच्या टोकाला."

 सुभद्रा होती तिथंच खाली बसली. "आमचा खाली आसा," एवढंच म्हणाली. दाजीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मास्तर!" आंतोननं माझा दंड असा धरला की आठ दिवस वळ होता. "तुमी खंयसून बघितलात? काचेतसून मा? अहो, पेटयेत सगळा उलटा दिसता! वर म्हणजे खाली! सुभद्रा, खालीच आसा गो तुझा ठिगळ, खालीच आसा!"

कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी देवाचं नाव घेतलं. सुभद्रा मात्र पदर खोचून सड्याच्या वाटेनं वर धावत सुटली, आणि सगळी वाडी तिच्या मागे. ज्या वाटेनं आम्ही अभद्रासारखे उतरलो होतो त्याच वाटेनं. चहा राहिलाच.

सूर्य टेकला तेव्हा मचवा टोकाला वळसा घालून आत आला. डोलकाठी मोडल्यामुळे भिकाजी देवगडला अडकून पडला होता. त्यानं निरोप दिला होता, पण ज्याच्याकडे दिला तो वाटेत नातेवाइकांकडे राहिला. भिकाजी गुडघाभर पाण्यात उतरला आणि दाजीनं, चालवत नव्हतं तरी, पाण्यात जाऊन त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मी रडलो. लपवत नाही.

मग सुभद्रा आंतोनसमोर येऊन उभी राहिली. "पेटी उघड," ती म्हणाली. "आमचो काढ. सगळ्यांचो. गेल्याचो नको, इल्याचो फोटो काढ."

बाया कुजबुजल्या, पण तिच्यापुढे कोणाची छाती होती? पुळणीवर सगळे उभे राहिले. पुढे दाजी आणि सुभद्रा, मागे भिकाजी, कडेला मी. प्लेट एकच उरली होती आणि उजेड संपत आला होता. आंतोननं फडक्यातून डोकं बाहेर काढलं आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला काय सांगायचं असतं हे त्याला आठवेना. वीस वर्षांत सांगावं लागलंच नव्हतं.

"हलू नकात," तो शेवटी म्हणाला. "तीन म्हणेपर्यंत कोण हलू नकात."

फोटो बिघडला. दाजीचे हात थरथरले, पोरं खिदळली, मी नाक पुसत होतो. आणि सुभद्राच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक पांढरा फराटा आला, कारण 'दोन' म्हणताच तिनं मान वळवून, भिकाजी आहे ना मागे, हे पुन्हा एकदा बघून घेतलं होतं.

त्या वैशाखात निवतीला लग्न झालं आणि आंतोनला अक्षतांआधी तासभर बोलावणं आलं. त्याच महिन्यात सेलेस्तीनही नवा झगा घालून त्याच्यासमोर बसली. पण मालवणच्या त्याच्या दुकानात दर्शनी भागात, चौकट करून, लागला तो निवतीचाच फोटो. दर्याचा सुंदर निघालेला फोटो त्यानं आतल्या भिंतीवर टांगला. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "हो बिघडलेलो कित्याक लावलास रे?"

"बिघडाक नाय तो," आंतोन म्हणायचा. "जित्या माणसांचो आसा."