दगूबाईंची डावी गाठ

खापर गावच्या दगूबाई डावखुऱ्या. भाकरी थापताना, कापूस वेचताना त्यांना कधी कुणी हटकलं नव्हतं. सहासष्ट साली मात्र वायरच्या पिशवीवरून हटकलं.

त्या वर्षी गावात महिला मंडळाचा वर्ग निघाला. धुळ्याहून सरलाबाई शिकवायला आल्या, रंगीत प्लास्टिक वायरची बंडलं घेऊन. दगूबाईंच्या पिशवीची ओळ पुरी झाली की सरलाबाई ती हातात घेऊन म्हणायच्या, "गाठ उलटी पडलीय. सोडा."

सोडायचं म्हणजे दाभणाने एकेक गाठ उचकटायची. त्यात वायर एकदा दुमडली की सरळ होत नाही, पुन्हा ओवताना भलतीकडेच तोंड करते. तिसऱ्यांदा सोडताना दगूबाईंच्या बोटांची सालं निघाली.

"बाई, मन्हा डावा हात शे. गाठ तशीच पडी. कितला येळा सोडू?"

"तालुक्याच्या प्रदर्शनात सगळ्या गाठी एकाच बाजूला झुकलेल्या दिसायला हव्यात. उजव्या हाताने घाला."

उजव्या हाताने चार दिवस घातल्या. एकही गाठ आवळली जाईना. घरी त्यांनी सगळं कोपऱ्यात भिरकावलं. हिंमतराव, त्यांचे यजमान, म्हणाले, "सोडी दे ना. घरमा टोपल्या कमी शेत का?" त्याने त्या आणखीच चिडल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गाला उशीर झाला. सरलाबाईंच्या शेजारी जागा नव्हती, म्हणून थेट समोर बसावं लागलं. बसल्या बसल्या लक्षात आलं, बाईंचा उजवा हात जिकडे जातोय, तिकडेच आपला डावा जातोय. आरशात बघावं तसं. पाच दिवसांत पिशवी उभी राहिली. गाठी उलट्या झुकलेल्या, पण तळ घट्ट. सरलाबाईंनी ती ओढून, दाबून पाहिली आणि वैतागून म्हणाल्या, "असू द्या आता."

अक्कलकुव्याच्या प्रदर्शनात मात्र ती दाराआड टांगली होती. दगूबाईंनी सगळ्यांदेखत ती काढली, बाजारात जाऊन वांगी-बटाटे भरले आणि तशीच हातात मिरवत गावी आणली.

पुढे सरलाबाई धुळ्याला परतल्या. गावातल्या बाया दगूबाईंकडे येऊ लागल्या. त्या प्रत्येकीला समोर बसवत. शेजारची गजराबाई डावखुरी निघाली, तिला तेवढं शेजारी घेतलं. गाठी कुठे झुकतात हे दगूबाईंनी कधीच पाहिलं नाही. पण गाठ सैल दिसली की कपाळाला आठ्या घालून दाभण पुढे करत आणि म्हणत, "सोड."