पेट्रोलचा वास

आमच्या घरात वासाचं खातं माझ्याकडे आहे. दूध करपायला लागलं, गॅसचं बटण अर्धवट राहिलं, शेजारी कुणी सुकट भाजली, सगळं आधी मला कळतं. त्यामुळे अंगणातल्या गाडीला पेट्रोलचा वास येतोय हे मीच सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे ते मानलं नाही.

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा नाही तर काय अत्तराचा वास येईल?" हे म्हणाले.

"टाकीतलं पेट्रोल बाहेर येऊन राहिलंय. तुळशीला पाणी घालताना डोकं उठलं माझं."

"तुला कशाचाही वास येतो."

ही गाडी ह्यांनी भोकरला नोकरीला असताना घेतली, मुलगी झाली त्याच वर्षी. दवाखान्यातून तिला घरी आणली ती ह्याच गाडीत, आणि ह्यांनी ती इतकी हळू चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. पुढे मुलगी ह्याच गाडीवर चालवायला शिकली आणि लग्न होऊन लातूरला गेली. मग गाडी अंगणातच उभी राहायला लागली. बाजारहाटाला स्कूटी पुरत होती.

आता मुलगी पहिल्या बाळंतपणाला नांदेडला आमच्याकडे आली होती, तिलाही मुलगीच झाली होती, आणि दोघींना सासरी पोचवायचे दिवस जवळ आले होते. ह्यांनी ठरवून टाकलं होतं की नात लातूरला जाईल तर ह्याच गाडीत. व्याह्यांना फोनवर सांगूनही झालं होतं. एकदा व्याह्यांना सांगितलं की ह्यांच्या लेखी तो सरकारी आदेश असतो.

मी एका संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्याच्या मधोमध ओला डाग होता. पुठ्ठा ह्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघून म्हणाले, "पाणी असंल."

"काडी ओढून बघू का?"

तेव्हा कुठे हे देगलूर नाक्याकडच्या मिस्त्रींकडे गेले. हे मिस्त्री वडलांपासून त्याच दुकानात आहेत आणि ह्या गाडीच्या तब्येतीची त्यांना आमच्याइतकीच काळजी. गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतली तेव्हा मीही गेले होते, कारण ह्यांनी घरी येऊन अर्धंच सांगितलं असतं. मागच्या टाकीपासून गाडीच्या पोटाखालून दोन बारीक लोखंडी पाइप पुढे जातात. एक पेट्रोल इंजिनाकडे नेतो, दुसरा उरलेलं टाकीत परत आणतो. जिथे क्लिपांमध्ये चिखल अडकून बसला होता तिथे मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तपकिरी पापुद्रे खाली पडले.

"साहेब, यात पाइप कमी अन् गंज लई हाय," मिस्त्री खड्ड्यातूनच म्हणाले. "पावसाळ्यात गाडी हलवलीच न्हाई न तुम्ही?"

हे आजाऱ्याला घेऊन डॉक्टरसमोर बसावं तसे स्टुलावर बसले होते. मग हळूच विचारलं, "लातूरपर्यंत चालंल का?"

"तुम्ही एकटे असले तर इथं जवळ मुदखेडला जाऊन या म्हणलो असतो. तान्हं लेकरू न्यायचं तर दोन्ही पाइप नवे घालू. काय भाभी?"

भाभीचं मत विचारल्याबद्दल मला मिस्त्रींचा फार आदर वाटला.

रबरी नळी टाकून लवकर होईल का, असं ह्यांनी विचारून बघितलं. मिस्त्रींनी मान हलवली. रबर फक्त टोकांना जोडायला. मधे खालून दगड उडतात. मग जुने पाइप सोडवून पोत्यावर मांडले, आणि त्यांच्या शेजारी ठेवून तांब्याचे नवे पाइप तसेच वळणावळणाने वाकवायचं काम सुरू झालं. टाकी उतरवून धुतली. हे रोज डबा घेऊन तिथे जायचे. पाइप वाकवताना एक टोक धरायला मिळालं, एवढ्यावर माणूस खूश. गुडघे काळे करून घरी यायचे आणि साबणाने हात धुतल्याशिवाय मी ताट वाढायचे नाही.

गाडी घरी आली. "ये," हे म्हणाले, "घे वास."

वास होता. थोडा, मागच्या बाजूला. मी तसं सांगितलं. मला वाटलं आता भांडण होणार, पण हे निमूटपणे गाडी परत घेऊन गेले. टाकीजवळचा एक रबरी जोड ढिला राहिला होता. दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा मी पुढून मागे गेले, वाकले, मागच्या सीटला नाक लावलं. जुनं रेक्झिन आणि डांबराच्या गोळ्या, बाकी काही नाही.

"न्हाई," मी म्हटलं.

"नीट घे."

"नीटच घेतला."

त्या दिवशी ह्यांचा आनंद बघण्यासारखा होता. नातीला मांडीवर घेऊन पेट्रोल कुठून निघतं अन् कुठे जातं ते सगळं तिला समजावून सांगितलं. ती जांभया देत होती.

निघायच्या सकाळी गाडीला हळदकुंकू लावलं. पाळणा टपावर दोराने आवळला. मुलगी बाळाला घेऊन मागे बसली. हे दार लावायला गेले, बाळाच्या तोंडापाशी वाकले आणि तसेच थांबले.

"मला वास येतोय," हे म्हणाले.

मी आत डोकं घातलं. वासाचा मागमूस नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, नाही येत."

"येतोय." त्यांचा आवाज बारीक झाला होता.

शेजारी दूध उतू जाऊन करपलं तरी ज्याला पत्ता लागत नाही, त्या माणसाला वास येत होता. ह्यांना स्वतःच्या जिवाची भीती कधी वाटली नाही, पण त्या एवढ्याशा तोंडाकडे बघून सगळी हिंमत गेली. मला ह्यांची फार माया आली. मी वाद घातला नाही. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाची भाड्याची नवी गाडी बोलावली आणि बॅगा हलवल्या.

"तुम्ही पुढं बसा, ड्रायव्हरजवळ," मी म्हटलं.

"तुम्ही तिघी व्हा पुढं. मी मागनं येतो."

"रिकामी गाडी घेऊन?"

"पाळणा हाय न टपावर."

तर पुढे आम्ही तिघी थंडगार गाडीत, आणि मागे हे, एका पाळण्याला घेऊन. मुलगी सारखी मागच्या काचेतून बघत होती. वाटेत लोहा गावाला चहाला थांबलो. ह्यांनी गाडी आमच्यापासून लांब, उन्हात लावली आणि तिथेच उभं राहून चहा घेतला. मुलीनं बाळाला पाजलं, झोपवलं, माझ्या मांडीवर दिलं.

"आई, हिला बघ," म्हणाली आणि चालत जाऊन त्या गाडीत पुढच्या सीटवर बसली. हे हातवारे करून काहीतरी नको नको म्हणत होते. तिनं पट्टा लावून घेतला.

पुढे बराच वेळ आमचा ड्रायव्हर विचारत होता, "मावशी, ते मागं राहून राहिले, थांबू का?" मी म्हटलं, चला तुम्ही, त्यांना बोलू द्या.

लातूरला विहीणबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या, पण बाळाची आईच मागे. सगळे वाट बघत राहिलो. शेवटी गाडी आली. मायलेकींवरून तुकडा ओवाळून झाल्यावर हे पाळण्याचे दोर सोडायला गेले. मुलगी शेजारी जाऊन उभी राहिली. मी उघड्या दारापाशीच होते आणि गाडीला कसलाही वास नव्हता.

"वाटंत वास आला का गं?" ह्यांनी हळू आवाजात विचारलं.

तिनं बापाच्या तोंडाकडे बघितलं. "आला, बाबा. थोडासा. नागपंचमीला आम्हा दोघींना न्यायला याल न, तोवर नीट करून घ्या."

ह्यांचा हात गाठीवरच थांबला.

"ह्याच गाडीत?"

"ह्याच," ती म्हणाली.