मोडलेलं साटंलोटं

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला फलटणकडचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, घरचा ऊस. अट एकच, साटंलोटं. म्हणजे आमची मुलगी त्यांच्या मुलाला आणि त्यांची मुलगी मला. वडील नव्हते, घर चुलत्यांच्या शब्दावर चालायचं. एका मांडवात दोन लग्नं उरकणार म्हणून ते खूश होते. मी रहिमतपूरला शाळामास्तर होतो आणि मला पुरुष आवडायचे. एवढं साधं वाक्य लिहायला मला उभा जन्म लागला.

माझी झोप उडाली. अन्न जाईना. फळ्यासमोर खडू धरून उभा राहायचो आणि काय लिहायचं तेच आठवायचं नाही. आईनं देवऋषी केला, चुलत्यांनी मिरजेचा डॉक्टर. डॉक्टरांना मी एकांतात खरं सांगितलं. त्यांनी मान वर न करता गोळ्या लिहिल्या आणि चुलत्यांना सांगितलं, "लग्न करून टाका, ताळ्यावर येईल."

परतताना सांगलीच्या स्टँडवर मी चुलत्यांनाही सांगून टाकलं. लग्न करणार नाही म्हणालो. त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते पाहिलं. मग म्हणाले, "हे हितंच गाडायचं. कुणापाशी बोललास तर तुजी आई जीव देईल."

फलटणला निरोप गेला, की पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाकली मूठ सव्वा लाखाची! चुलत्यांना वेडा पुतण्या चालत होता, असा चालत नव्हता. पण वेड रक्तात असतं म्हणून त्या लोकांनी बहिणीलाही नकार दिला. दुसरी स्थळंही फिरकेनात. शेवटी तिला खंडाळ्याकडे एका बिजवराला दिली. पदरात त्याची दोन पोरं.

आजार हळूहळू खरा झाला. महिना महिना अंथरुणातून उठवायचं नाही. गोळ्यांनी जीभ जड, हात थरथरणारे. लोक माझ्याशी हळू आवाजात, समजुतीनं बोलायचे आणि मला त्यांचा संताप यायचा. पुढं संतापायचाही कंटाळा आला.

आई गेली, त्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. तिनं ओवाळलं. केस कानाशी पांढरे झाले होते, तिशीही उलटली नव्हती तिची. मला राहवेना.

"मी तवा येडा नव्हतो गं," मी म्हणालो. "लगीन का मोडलं ते सांगतो तुला."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "काकीनं कवाच सांगितलंय."

तिनं ताट खाली ठेवलं.

"पर दादा, तू आजारीच हुतास म्हण. न्हाईतर मला तुजा लय राग यील. आन् आता माहेर म्हणून तू एकलाच उरलायस."

"आजारीच हुतो," मी म्हणालो.