पाणी पिकेपर्यंत

माझ्या सासऱ्यांना लातूर आवडत नव्हतं, आणि हे ते दर सोमवारी न चुकता सांगायचे. "मला हितं करमंना. मी जातो गावाकडं." गाव निलंग्याच्या पुढं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून बैलजोडी विकलेली, शेत बटईनं दिलेलं. तिथल्या रिकाम्या घरात ह्या माणसाला एकटं ठेवायचं कुणाच्या भरवशावर? म्हणून आम्ही त्यांना आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून बसवलं. अक्षरशः बसवलंच. उठून करायला काही कामच नव्हतं.

बैल होते तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाच म्हणते, आमच्याकडं एक रात्र मुक्कामाला थांबले असतील तर शपथ. मी म्हणायची, राहा की दोन दिवस. ते चपला घालत म्हणायचे, "जनावर असलेल्या माणसाला कुठं जाता येतं व्हय?" आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. आता जनावर नव्हतं, तर माणूस कुठंच राहीना. सोमवार आला की दाराजवळ त्यांची पिशवी दिसायची, आणि मला धडकी भरायची. माझे वडील असेच गावी एकटे होते. शेवटी ते गेले, हेसुद्धा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. ते पुन्हा नको होतं मला. काहीही करून हा माणूस लातुरात टिकवायचा होता.

एकदा नवऱ्याच्या मोबाइलवर मामांनी एक मासा पाहिला. केशरी, अंगावर पांढरे पट्टे, डुलत डुलत चाललेला. "आयला! लई देखणं जनावर. हे कुठं मिळतंय?"

"आणू की मामा!" मी म्हणाले. माझ्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. म्हैस तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, पण मासा चढेल, एवढंच माझ्या डोक्यात. त्या माशाला समुद्राचं पाणी लागतं, हे मला नंतर कळलं. आणि आमच्या लातुरात नळाचं गोडं पाणी आठ दिवसांनी येतं. नवरा अर्धा तास नुसता हसत होता.

पण मी काय माघार घेते! माझं माहेर नांदेडकडचं, नांदेडातल्या माशांच्या दुकानातले चाचा माझ्या माहितीचे. मामांना घेऊन गेले. चाचांनी काचेची टाकी दिली, दगड दिले, वाळू दिली, पाणी ढवळणारा पंखा दिला, समुद्री मिठाची पिशवी दिली, आणि मासा मात्र दिला नाही.

"बाई, पहले पाणी पिकू द्या," चाचा म्हणाले. "महिना, सव्वा महिना. पाण्यात बारीक जीव तयार होतात, डोळ्याला दिसत नाहीत. माशाची घाण तेच खातात. ते नसले तर मासा आपल्याच घाणीत मरतो. जल्दी केली की मच्छी गेली!"

परतीच्या एसटीत मामा बोटांवर दिवस मोजत होते. आंबे ते आयुष्यभर आढीत पिकवत आले, पण पाणी पिकवायचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

शुद्ध पाण्याचे आठ जार मागवले. जारवाला म्हणाला, "लग्न हाय का?" मी म्हटलं, समुद्र करतेय. तो बिचारा पुढचे चार दिवस माझ्याकडं जपून बघायचा. मीठ कालवलं, खारेपणा मोजला, दगड रचले, पंखा लावला, आणि हॉलमध्ये अख्खा समुद्र हलायला लागला. मी टाळ्या पिटल्या. शेजारणी बघायला आल्या. चहा प्यायल्या, टाकीत डोकावल्या आणि विचारलं, "मासे कुठंयत?"

"पाणी पिकतंय," मामा म्हणाले. शेजारणींनी एकमेकींकडं पाहिलं.

आता त्या बारीक जीवांना खायला काहीतरी कुजकं लागतं. चाचांनी सांगितलं होतं, एक कोळंबी टाका. मामांच्या गळ्यात माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यात श्रावण! मी चोरीच्या मालासारखी एक कोळंबी कागदात गुंडाळून आणली आणि दगडामागं लपवली. चौथ्या दिवशी मामा हॉलच्या मधोमध उभं राहून नाक वर करून म्हणाले, "सूनबाई, घरात कुणीतरी मेलंय."

मग मी सगळं कबूल केलं. आता पिशवी उचलतात, असं वाटलं. पण मामा टाकीपुढं उकिडवे बसायचा प्रयत्न करून शेवटी स्टुलावर बसले आणि दगडामागं डोकावले.

"म्हंजी हे खत हाय," ते म्हणाले. "कुजल्याबिगर पेरायचं न्हाई. आपण हॉलमधी उकिरडा केलाय म्हण की!"

"हाव, मामा!"

"मग आधी न्हाई का सांगायचं?"

त्या दिवसापासून टाकी त्यांची झाली. ते तिला हौद म्हणायचे. पाणी तपासायला थेंबांच्या बाटल्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, आणि आलेला रंग तक्त्यावरच्या रंगाशी ताडून बघायचा. पिवळं आलं तर विष नाही, हिरवं आलं तर आहे. मला सगळं सारखंच दिसायचं. मामा मात्र नळी खिडकीत धरून म्हणायचे, "कालच्यापेक्षा येक बोट पिवळं झालंय." नवरा आणि मी मागं उभं राहून माना डोलवायचो. दोन सोमवार गेले, तीन गेले, गावाकडं जायचं नाव नाही. मी आनंदानं वेडी झाले होते. शाळेत फळ्यापुढं उभी राहून उगाच हसायची. पोरं म्हणायची, बाईंना लॉटरी लागली.

सव्वा महिन्यानं एका शुक्रवारी नळी पिवळीधमक आली. दुसरी नळी आभाळासारखी निळी, म्हणजे तीही चांगली. दगडांवर तपकिरी साय धरली होती. चाचांना फोन केला, ते म्हणाले, "मुबारक हो बाई. पिकलं. रविवारी या, जोडी काढून ठेवतो."

आणि शनिवारी नळ आला.

नळ येणं म्हणजे काय, ते लातूरकरालाच कळतं. माणूस अर्ध्या अंघोळीतून उठतो. शिळं पाणी काढायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, ह्यात कुणी कुणाला विचारत नाही. मी शाळेत, नवरा कामावर. मामांनी पिंप भरलं, घागरी भरल्या, आणि मग त्यांचं लक्ष हौदाकडं गेलं. उद्या घरात नवीन जनावर येणार. नवा बैल आणायच्या आदल्या दिवशी गोठा धुवायचा, गव्हाण घासायची, ताजं पाणी भरायचं, हे त्यांनी जन्मभर केलेलं.

मी घरी आले तर टाकीची काच लखलखत होती. दगड घासून पांढरेशुभ्र. वाळू धुतलेली. आत काठोकाठ नळाचं पाणी, ब्लीचिंग पावडरचा भपका मारणारं. काचेवर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढलेली, आणि शेजारी हातात घासणी घेऊन, घामानं भिजलेले, लग्नघरातल्या माणसासारखे खूश मामा.

"बघ, कसं केलंय!"

"मामा!" मी ओरडलेच. "सगळं मारलंत की हो!"

"कुणाला? आत काय होतं?"

"जिवंत होतं सगळं! डोळ्याला दिसत न्हाई म्हणून काय ते जनावर न्हाई? सव्वा महिना झाला त्यांना वाढवून! आणि जुनं पाणी कुठं टाकलं?"

ते हळूच म्हणाले, "टाकीन कशाला? लातुरात पाणी टाकत्यात व्हय? कढीपत्त्याला घातलं."

गावाकडून आणलेलं त्यांचं एकुलतं एक झाड, गच्चीवरच्या डब्यात. त्याला आठ जारांच्या समुद्रातलं जेवढं मावेल तेवढं पाजलं होतं. मी कपाळावर हात मारला आणि अजून दोन शब्द बोलले. काय बोलले ते आता लिहवत नाही. मामा जेवले नाहीत. घासणी धुऊन जागेवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

रविवारी सकाळी मी उठले तर मामांचं अंथरूण घडी घातलेलं. त्यांची पिशवी नाही. त्यांचा मोबाइल टीव्हीपाशी ठेवलेला.

मी म्हटलं, घालवलंस बाई. तुझ्या जिभेनं माणूस घालवलास. गावाकडं शेत करणाऱ्याला फोन केला, ते आले नव्हते. अकराला केला, नाही. दोनला केला, नाही. नवरा स्टँडवर जाऊन निलंग्याची प्रत्येक गाडी बघून आला. मी टाकीपुढं बसून रडत होते, आणि रडता रडता त्या पांढऱ्याफटक दगडांना शिव्या देत होते. मला मासे नको होते, काही नको होतं.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात मामा. पिशवीतून दुधाची किटली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. आत खारं पाणी आणि त्यात एक काळाकुट्ट, गचाळ स्पंजाचा तुकडा.

"नांदेडला गेलतो," ते म्हणाले. "चाचाला म्हणलं, मी मारले तुझे जीव, आता काय करायचं सांग. त्यानं त्याच्या चालू हौदातलं हे काढून दिलं. विरजण हाय म्हणला. ह्यात लई जीव हायत. दर स्टँडला झाकण उघडून वारा दिला मी. शेजारचा माणूस आत बघून उठूनच गेला."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी किटली तशीच धरून उभी.

"हुबी काय राहिलीस? जारवाल्याला बोलव, मीठ कालव, ते नळाचं पाणी काढ. आजच सोडाय पाहिजेत, न्हाईतर गुदमरतील."

"मामा," मी म्हणाले, "मला वाटलं तुम्ही गावाकडं गेलात. कायमचे."

ते चपला काढत होते. दोन्ही काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि माझ्याकडं असं बघितलं की ही बाई शाळेत पोरांना शिकवते तरी काय.

"आता कसं जाऊ?" ते म्हणाले. "घरात जनावर हाय की."