सरांच्या फाईलीतली सही

जुनी पत्रं जमवणाऱ्यांच्या घरी पत्रं कमी अन् किस्सेच जास्त साचतात. आमगावात असे येडे आम्ही तिघंच: रहांगडाले सर, बिसेन अन् मी. सर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. दोनशे वर्षांमागच्या एका बदनाम इंग्रज कवीच्या सहीचं पत्र त्यांच्याकडे होतं. त्यातच त्यांचा जीव.

सरांच्या पोरीला बघायला पाहुणे आले, तर सरांनी त्यांच्यापुढंही त्या पत्राची फाईल उघडली. कवीची सगळी लफडी रंगवून सांगितली, बायांच्या नावानिशी. पाहुणे पोहे अर्धवट टाकून उठले. सर म्हणाले, "कवीले भिते तो जावई काय कामाचा?" पोरगी वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

बिसेननं त्याच कवीचं पत्र ऑनलाईन मागवलं. सरांनी कागद उजेडात धरला. आतली कागद-गिरणीची छाप, म्हणजे वॉटरमार्क, कवी मेल्यानंतरच्या सालाची निघाली. "मेल्यावर अक्षर सुधारलं बाप्पा याचं," सर म्हणाले. बिसेन दोन दिवस जेवला नाही.

एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, ओल लागू नये म्हणून सरांचं दुसरं एक जुनं पत्र बाजारातून लॅमिनेट करून आणलं. आमच्या छंदात हा खूनच. सर ढसाढसा रडले. काकू म्हणाल्या, "माह्या आईचा फोटो केला तवा तं चांगलं म्हणत होते."

मग सरांना कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. तेव्हा सर मला म्हणाले, "आपलं पत्र तपासून घेऊ. जायच्या आधी मले मालूम पाहिजे." इतकी वर्षं भीतीपायी त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं, म्हणजे जाणकाराला. मी फोटो मुंबईच्या एका तज्ज्ञाला पाठवले. उत्तर माझ्या मोबाईलवर आलं: नकली.

खाटेपाशी बसून मी म्हणालो, "सर, अस्सल आहे." लाज वाटली, पण तोंडातून दुसरं काही निघेना.

"मंग तसं लिहून दे. खाली सही कर."

दिलं लिहून. सरांनी भिंग मागितलं अन् माझा कागद बराच वेळ पाहत राहिले.

"आपलीच सही करताना मानूस पेन उचलत नाई. तू तीनदा उचलला."

मग कागद काकूंकडं दिला. "हा बी त्याच फाईलीत लाव."