चिकटलेला रिले

माझी थोरली बहीण जिंतूरजवळच्या शाळेत शिकवते. लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले. ती बॅटरीच्या खुर्चीवर फिरते. गेल्या वर्षी ती खुर्ची तिला घेऊन शाळेच्या भिंतीवर आदळली. आक्काचं मनगट मोडलं.

कंपनीचा माणूस आला. झाकणही न उघडता म्हणाला, "मॅडम घाबरल्या असतील. बटण दाबून धरलं असेल."

"मी हात काढला होता की," आक्का म्हणाली. "गाडी थांबंनाच, तर मी काय करू?"

तो माझ्याकडं बघून हसला. जणू आक्का तिथं नव्हतीच. ते हसू आठवलं की आजही डोकं भणभणतं.

माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तो गेल्यावर मी झाकण खोललं. मोटार चालू-बंद करायला आत काडेपेटीएवढा रिले. सुरू होताना मोटार एकदम जास्त करंट ओढते. दरवेळी ठिणगी पडून रिलेचे पॉइंट, म्हणजे आत एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके, जळले होते आणि शेवटी एकमेकांना चिकटले होते. बटण सोडलं तरी करंट चालूच. माणूस बसणाऱ्या खुर्चीत असला तकलादू रिले बसवणाऱ्याला मी मोठ्यानं शिव्या घातल्या.

त्या जागी ट्रान्झिस्टर बसवला. पॉइंटच नाहीत, तर ठिणगी कुठून पडणार? पण रागाच्या भरात मोटारीचा उलटा करंट जिरवणारा डायोड लावायचा विसरलो. मोटार बंद होताना उलटा झटका बसला आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला. चाकं फिरतच राहिली. नशीब, खुर्ची विटांवर उचलून ठेवली होती. आता शिव्या मला स्वतःलाच. दुसऱ्यांदा नव्या ट्रान्झिस्टरसोबत डायोडही घातला, ट्रान्झिस्टर गार राहावा म्हणून जाड ॲल्युमिनियमची पट्टी कसली आणि आक्काच्या हाताशी बॅटरीचा करंटच तोडणारं लाल बटण दिलं.

पुढच्या खेपेला तो माणूस ओरडला, "सील तोडलंत! वॉरंटी संपली."

आक्कानं जळका रिले त्याच्या हातावर ठेवला. "आधी हे बघा. मग माझ्याशी बोला. भावाशी न्हाई."



आक्कानं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. खुर्च्यावाटपाच्या शिबिरात तिच्यासोबत अशाच खुर्च्या मिळालेल्यांना तिनं एकेक करून शोधलं. परवा पूर्णा गावी एकाची खुर्ची खोलली. पॉइंट काळे पडले होते, अजून चिकटले नव्हते. मी तो रिले तिथंच अंगणात उपटून काढला.